गुडघा स्क्रीनवर दाखवायचा की हातात द्यायचा?

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची आहे, बास्केटबॉल खेळते. उडी मारून खाली येताना गुडघा पिरगळला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली हाडं धरून ठेवणारं लिगामेंट, तुटलं. ५ आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची शीर घेऊन नवीन लिगामेंट बसवलंय आणि गुडघ्यातली गादी फाटली होती तिलाही टाके घातलेत. हॉस्पिटल आमच्यापासून गाडीने ६ तासांवर आहे. वरचे टाके काढायला दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो, तर त्या प्रवासाने गुडघा असा सुजला की पुढचे तीन दिवस ती रडवेली होती. आता ६ आठवड्यांची तपासणी आलीय. हॉस्पिटलमधून फोन आला की व्हिडिओ कॉलवर केली तरी चालेल, तुम्ही ठरवा. मुलगी म्हणते, दुखत नाही, कुबड्या सुटल्या, फिजिओपण व्हिडिओवरच चाललीय, मग कशाला जायचं? तिचे बाबा म्हणतात, डॉक्टरांचा हात लागल्याशिवाय काही खरं नाही. यापुढे दर वेळी जायचंच, वाटल्यास तिकडे खोली घेऊन राहू. घरात रोज हाच वाद आणि मी मधल्यामध्ये. तुम्हीच काय ते सांगा.
– एका खेळाडूची आई

उत्तर:

ताई, नमस्कार.

वाद रोजचा झालाय म्हणता, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागाहून. ही ६ आठवड्यांची तपासणी जाऊनच करा. फिजिओ मात्र व्हिडिओवर चालू राहू दे, त्यासाठी बिऱ्हाड हलवायचं काही कारण नाही. फक्त घराजवळचा एखादा फिजिओथेरपिस्ट शोधा, जो महिन्यातून एक-दोनदा तिच्या गुडघ्याला प्रत्यक्ष हात लावून बघेल आणि तुमच्या नेहमीच्या फिजिओशी फोनवर बोलेल.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाडूंचे गुडघे आणि खांदे हेच माझं काम, आणि दोन्ही पद्धतींनी पेशंट बघते. त्यामुळे व्हिडिओला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण ‘दुखत नाही’ हे तुमच्या लेकीचं कारण वाचून मला काळजी वाटली, आणि ती का वाटली ते नीट सांगायला हवं.

तुम्ही जिला शीर म्हणता ती कंडरा, म्हणजे स्नायूचं हाडाला चिकटणारं टोक. ती तिच्याच शरीरातली असली तरी जागेवरून काढताना तिचा रक्तपुरवठा तुटतो. गुडघ्यात बसवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तिच्यातल्या बऱ्याच पेशी मरतात. मग आजूबाजूने बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात, आणि कुठे हळूहळू ती कंडरा लिगामेंटसारखी वागायला लागते. या सगळ्या उलथापालथीत ती बसवल्या दिवशी होती त्यापेक्षाही कमजोर होते. प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांवरून हा नाजूक काळ साधारण दुसरा-तिसरा महिना धरला जातो. आणि नेमकं याच सुमाराला सूज उतरते, दुखणं थांबतं, कुबड्या कोपऱ्यात जातात, पोरांना वाटतं झालं बरं. आतली कंडरा सगळ्यात हळवी असते तेव्हाच बाहेरचा गुडघा सगळ्यात छान दिसतो. दुखत असतं तेव्हा कुणीही आपण होऊन डॉक्टरकडे पळतं. दुखायचं थांबल्यावर जायला लागतं ते या कारणासाठी. त्यात तिच्या गादीलाही टाके आहेत. उकिडवं बसणं, वजन टाकून गुडघा खोल वाकवणं हे किती आणि कधी सुरू करायचं, ते टाके कुठे नि कसे घातलेत ते पाहिलेला सर्जनच ठरवणार.

आता कॅमेऱ्याला काय दिसत नाही ते माझ्याच चुकीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी एक फुटबॉलपटू मुलगा असाच लांबून व्हिडिओवर यायचा. ऑपरेशन तुमच्या लेकीसारखंच, फक्त गुडघ्यातल्या गादीचे टाके नव्हते. मुलगा मन लावून व्यायाम करायचा. दर आठवड्याला मी विचारायची, पाय पूर्ण सरळ होतोय ना? तो पलंगावरच्या गादीवर पाय पसरून बसायचा, फोन हातात वर धरायचा आणि म्हणायचा, हे बघा, एकदम सरळ. मलाही सरळ दिसायचा. ११व्या आठवड्यात तो समोर आला. टेबलावर झोपवलं, टाचेखाली हात घातला, आणि गुडघा खाली दाबायला गेले तर शेवटी तो रबरासारखा परत वर आला. मोजलं तर ८ अंश कमी. मऊ गादीत पाय रुतत होता, फोन वरून धरल्यामुळे वाक झाकला जात होता, आणि मी आठवड्यामागून आठवडा ‘छान’ म्हणत होते. आत ग्राफ्टच्या, म्हणजे बसवलेल्या नव्या लिगामेंटच्या, पुढे जखमेच्या ऊतीची गाठ झाली होती. दुर्बिणीतून ती काढावी लागली. मुलगा पुन्हा खेळायला लागला, पण एक ऑपरेशन जास्तीचं झालं आणि त्याचे काही महिने गेले. आधी हात लागला असता तर कदाचित एवढ्यावर आलं नसतं. हे मी विसरू शकत नाही.

तो रबरासारखा परत येणारा धक्का हातालाच कळतो. गुडघा शेवटच्या टोकाला कसा अडतो, मऊ अडतो की कडक, दुखून अडतो की काहीतरी मध्ये येऊन, यावरून आम्हाला अर्ध्याहून जास्त गोष्टी समजतात. गुडघ्याची वाटी सगळ्या बाजूंना मोकळी सरकते का, नव्या लिगामेंटचा ताण बरोबर आहे का, सांधा दुसऱ्या गुडघ्यापेक्षा गरम लागतो का, हेसुद्धा हाताचं काम. लिगामेंटची मुख्य तपासणी अशी की गुडघा जरासा वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची आणि ती कुठे थांबते ते अजमावायचं. ती घरच्या माणसाकडून फोनवर सांगून करवून घेणं अशक्य आहे, कुणी सांगितलं तरी करू नका.

आणि सूज. वरून दिसणारी सूज वेगळी, सांध्याच्या आत साठलेलं पाणी वेगळं. गुडघ्यात २०-३० मिलिलीटर, म्हणजे चार ते सहा छोटे चमचे जादा पाणी असलं, तरी मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतल्या बाजूचा भाग झोपी जायला लागतो. मेंदू त्याला पूर्ण जोर लावूच देत नाही. मग मुलगी जीव तोडून व्यायाम करते आणि मांडी काही भरत नाही, आणि सगळ्यांना वाटतं ती कामचुकारपणा करतेय. एवढंसं पाणी साध्या नजरेला दिसत नाही. बोटांनी ते वाटीच्या आतल्या बाजूने वर सारायचं आणि मग बाहेरच्या बाजूने खाली हात फिरवायचा. पाणी असेल तर आतल्या बाजूला लाटेसारखा फुगवटा परत येतो. आता जाल तेव्हा ही युक्ती डॉक्टरांकडून किंवा फिजिओकडून तिच्या गुडघ्यावर शिकून घ्या. दोनदा करून बघितली की जमते, आणि पुढच्या प्रत्येक व्हिडिओ कॉलला उपयोगी पडते.

आता लेकीच्या बाजूने बोलते, कारण तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं मुळीच नाही. घरातला गुडघा मला व्हिडिओवरच दिसतो, क्लिनिकमध्ये दिसत नाही. एका पेशंटचा पाय काही केल्या सरळ होईना. क्लिनिकमध्ये आली की व्यायाम अगदी बिनचूक. एकदा व्हिडिओवर तिच्या खोलीत डोकावले तर बाई गुडघ्याखाली भलीमोठी उशी घेऊन बसलेल्या. ‘अशीच झोपते मी, बरं वाटतं.’ दिवसातून अर्धा तास पाय सरळ करायचा आणि रात्रभर वाकवून ठेवायचा, मग सरळ कसा होणार? उशी काढून टाचेखाली दिली, बाकी काही बदललं नाही. ही उशी मला माझ्या टेबलावर कधी सापडली असती? घरचे जिने, पलंगाची उंची, व्यायामाला खरंच जागा आहे का, हे सगळं कॅमेरा दाखवतो. चाल दिसते, जखम दिसते, गुडघा किती वाकतो तेही बऱ्यापैकी कळतं. आणि आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं कुणीतरी विचारतंय, म्हणून व्यायाम होतो. महिन्यातून एकदा १२ तास प्रवास करून होत नाही.

याला आधारही आहे. कॅनडातल्या क्युबेकमध्ये गुडघेबदलाच्या २०५ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फिजिओ घरी व्हिडिओवरून दिली, निम्म्यांना प्रत्यक्ष. व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. पण ते उतारवयातले लोक होते, त्यांना जिना चढायचा होता, फिरायला जायचं होतं. तुमच्या लेकीला धावता धावता एका पायावर गर्रकन वळायचंय. म्हणून मी त्या अभ्यासावरून रोजच्या व्यायामाबद्दल निर्धास्त होते, मैदानावर सोडण्याबद्दल नाही.

व्हिडिओ कॉल करायचा तर मात्र नीट करा. फोन हातात धरू नका. गुडघ्याच्या उंचीवर स्टुलावर ठेवा, पायाच्या बरोबर बाजूला. हाफ पँट घालू दे, उजेड समोरून येऊ दे, पाठीमागे खिडकी नको. जमिनीवर चटई टाकून झोपवा, पलंगावर नको. टाचेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवली की गुडघा मोकळा खाली जातो आणि किती उरलाय ते बाजूने स्पष्ट दिसतं. दोन्ही पाय दाखवा, नेहमी दोन्ही, कारण तिचा चांगला गुडघाच तिची मोजपट्टी आहे. सरळ पाय वर उचलताना गुडघा किंचित वाकतोय का ते तेवढ्यात बघून घ्या. मांडीचा घेर घ्यायचा असेल तर वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटरवर पेनाने खूण करा आणि दर वेळी तिथेच टेप लावा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. ती १९ वर्षांची आहे. कॉलवर तिला बोलू द्या. तुम्ही शेजारी बसून ‘नाही, काल दुखत होतं की’ म्हणालात की ती मिटते. तुमचं निरीक्षण कागदावर लिहून आधी तिला दाखवा, ती स्वतः सांगेल. स्क्रीनवर ‘ठीक आहे’ म्हणणं फार सोपं असतं. बरोबरीच्या मुली सामने खेळतायत, आपण चटईवर पाय उचलतोय, याचं दुःख या वयात गुडघ्यापेक्षा मोठं असतं. समोर बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर ते मला दिसतं, चौकोनात बऱ्याचदा निसटतं. डॉक्टरांकडे गेल्यावर पाच मिनिटं तिला एकटीला आत बोलू द्या.

प्रवासाचं. मागच्या वेळी सूज आली त्यात नवल नाही. ६ तास गुडघा वाकवून, पाय खाली सोडून बसल्यावर कुणाचाही सुजेल. या वेळी जाऊन-येऊन एका दिवसात करू नका, एक रात्र तिकडे राहा. गाडीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पाय लांब ठेवा. दर तासाला थांबून चार पावलं चालवा, आणि बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहू दे, पोटरीतलं रक्त हलतं राहतं. निघण्यापूर्वी हॉस्पिटलला फोन करून सर्जन, फिजिओ आणि लागला तर एक्स-रे हे एकाच दिवशी बसवून घ्या. एवढ्या लांबून येणाऱ्याची सोय बहुतेक जागी करतात, फक्त मागावी लागते. पोटरीत रक्ताची गुठळी होण्याबद्दल तिला काही खास धोका आहे का, घरात कुणाला झाली होती का, हेही त्याच फोनवर सांगा.

काही गोष्टी अशा आहेत की तिथे व्हिडिओची वाट बघायची नाही आणि ६ तास लांबच्या हॉस्पिटलचीही नाही. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, ताठ झाली, गरम लागली तर त्याच दिवशी जवळच्या हॉस्पिटलमध्ये दाखवा. छातीत दुखणं किंवा अचानक धाप लागणं झालं तर क्षणाचाही विचार न करता इमर्जन्सी गाठा. पोटरीतली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. ताप आणि सोबत गुडघा लाल, गरम, दिवसेंदिवस जास्त दुखणारा, किंवा जखमेतून पाणी-पू येतोय, तर सांध्यात जंतुसंसर्ग झालाय असं समजूनच पळा. तो क्वचितच होतो, पण झाला तर तासांवर मोजायचा असतो. आणि गुडघा अचानक अडकला, सरळही होईना वाकेनाही, किंवा कट्टकन आवाज होऊन भराभर सुजला, तर गादी किंवा ग्राफ्ट यांचं काहीतरी झालंय. गेल्यावर तुमच्या सर्जनला फोन लावून द्या, त्यांचं त्यांना बोलू दे.

यापुढचा हिशेब असा मनात धरा. आताची भेट प्रत्यक्ष. मग तिसऱ्या महिन्याच्या आसपास, धावायला सुरुवात करण्याआधी, प्रत्यक्ष. मधल्या सर्जनच्या चौकश्या, कागदपत्रं, ‘हे चालेल का’ वगैरे व्हिडिओवर. सहाव्या महिन्याच्या सुमाराला ताकद मोजायला प्रत्यक्ष. आणि मैदानावर परतण्याआधीची तपासणी तर व्हिडिओवर करायला कुणी तयार झालं तरी तुम्ही तयार होऊ नका.

त्याचं कारण आकड्यांत सांगते, कारण तिचे बाबा आकडे मागतील असं वाटतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या एका अभ्यासात एसीएलच्या ऑपरेशननंतर वळणा-उड्यांच्या खेळात परतलेल्यांवर नजर ठेवली होती. परतण्याआधीच्या चाचण्या पार न करता गेलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली. सगळ्या पार करून गेलेल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांहून कमी होतं. शिवाय ९व्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकी दर महिन्यामागे दुखापत निम्म्याने कमी होत गेली. अभ्यास लहान होता, शंभरेक लोकांचा, पण इतका मोठा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका एकत्रित पाहणीत २५ वर्षांखालचे जे खेळात परततात त्यांच्यातल्या २३ टक्के जणांना पुन्हा एसीएलची दुखापत झालेली दिसली, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्यात. तुमची लेक बरोबर याच गटात बसते.

या चाचण्या म्हणजे मांडीची ताकद यंत्रावर मोजणं आणि एका पायावरच्या उड्या: एक लांब उडी, तीन सलग, आडव्या-तिरक्या, आणि ६ मीटर अंतर घड्याळ लावून. ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान ९० टक्के तरी भरायला हवा. उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो का, कंबर डगमगते का, हे मी तिच्या समोर गुडघ्यावर बसून बघते. आणि पडली तर धरायला कुणीतरी दोन पावलांवर उभं असावं लागतं.

घरात आज काय बोलाल? तिच्या बाबांना सांगा की त्यांचं खरं आहे, हात लागायलाच हवा, पण तो नेमक्या वेळी लागला पाहिजे. दर आठवड्याच्या प्रवासात गुडघा सुजत राहिला तर व्यायामच मागे पडेल. लेकीला सांगा की तिची रोजची फिजिओ कुणी हिरावून घेत नाहीये, ती तिच्या खोलीतच होणार आहे, आणि या एका भेटीत तिला स्वतःला विचारायचं ते सगळं विचारता येईल. प्रश्न तिने लिहावेत, तिच्या अक्षरात. पहिला प्रश्न मी सुचवते: माझा पाय दुसऱ्या पायाइतका सरळ होतो का, आणि नसेल तर किती कमी आहे?

त्याचं उत्तर थोडंफार घरीही मिळतं. ब्रेस, म्हणजे गुडघ्याला बांधलेला आधाराचा पट्टा, काढायची परवानगी असेल आणि पोटावर झोपताना दुखत नसेल, तर निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला पलंगावर पालथं झोपवा, दोन्ही मांड्या पलंगावर आणि गुडघ्याखालचे पाय कडेच्या बाहेर सैल सोडलेले. पाच मिनिटं तशीच पडू दे. मग मागून दोन्ही टाचांकडे बघा. ऑपरेशनच्या पायाची टाच वर राहिलेली दिसली तर पट्टीने फरक मोजा; एक सेंटीमीटर म्हणजे साधारण एक अंश. आकडा आणि तारीख तिच्या प्रश्नांच्या कागदावर वर लिहा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.